धाकट्या पातीचे ढेकूण

आता परगावी कुठे उतरावं नि कुठे उतरू नये हा विषय तुम्ही चहावर काढलाच आहे, तर माझी काय फजिती झाली ती ऐकूनच उठा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मध्येच कुणी हसलं की मला राग येतो आणि मग मी गोष्ट लांबवतो.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती तेव्हाची गोष्ट. मी देवासच्या एका व्यापाऱ्याकडे फिरत्या विक्रीवर होतो. शाळांना पाट्या, शाईच्या पुड्या आणि भिंतीवर टांगायचे नकाशे विकायचे. पाट्यांचं आणि शाईचं ठीक होतं हो, पण नकाशे? त्या वर्षांत सरहद्दी अशा हलत होत्या की मी नकाशा घेऊन घरून निघावं आणि शाळेत पोचेपर्यंत तो इतिहासाच्या तासाला लागावा. कुक्षीच्या हेडमास्तरांनी मला विचारलं, "हा किती दिवस टिकेल?" मी म्हटलं, "कापड चांगलं आहे, मास्तर." ते म्हणाले, "मी कापडाचं नाही विचारत."

पण एका बाबतीत माझा शब्द चालायचा. कन्नौदला धान्य घेऊन जायचंय, रात्री टेकायचं कुठे? नेमावरला नर्मदास्नानाला जायचंय, जेवणाची सोय काय? लोक मला विचारायचे आणि मी म्हणेन ती पूर्व दिशा. कारण गादी उचलून खाली पाहिल्याशिवाय मी कधी कुणाची शिफारस केली नाही. कधीच नाही. म्हणजे, ही जी गोष्ट सांगतोय ती सोडून.

आता देवासचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा मूर्खपणा तुम्हाला पुरता कळायचा नाही. आमच्या एका गावात दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन कचेऱ्या, दोघांचे बँड वेगळे. रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. आमचे अण्णा जन्मभर थोरल्या पातीच्या कचेरीत. पलीकडच्या बाजूला वारा जरी सुटला तरी ते म्हणायचे, "धाकटीचा वारा. धूळच आणणार." अण्णा गेले, मागोमाग दोन्ही राज्यंही गेली, पण तो अभिमान कुठे जाणार? तो वारशाने माझ्याकडे आला. दुसरं काही आलं नाही म्हणून मी तोच जपून ठेवला होता.

आणि आमच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, दौलतरावांचं घर. दौलतराव धाकट्या पातीच्या बँडात बिगुल वाजवायचे. राज्य गेलं, बँड मोडला, तेव्हा त्यांनी आणि राधाकाकूंनी घरातल्या खोल्या मोकळ्या करून मुसाफिरांना उतरायला द्यायला सुरुवात केली. काकू रांधायच्या, दौलतराव वाढायचे. बाहेर पाटी लावली, 'भोजन व निवास'. समोरासमोर राहून मी त्या घरात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. का म्हणून टाकावं? आमची बाजू ही होती ना.

तर एकदा धारला मोटारस्टँडजवळ बद्रीभियाच्या चहाच्या दुकानात बसलो होतो. सोबत आमचे सासरे, आबासाहेब. धारच्या दरबारात नोकरी केलेला माणूस, आवाज असा की चहा मागवला तरी हुकूम सुटल्यासारखा वाटावा. माझं लग्न नुकतंच झालेलं. आबासाहेब जुन्या वळणाचे. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज.

"जावईबापू," सगळ्यांसमोर ते म्हणाले, "कुसुमला बघायला यावं म्हणतो. तुमच्याकडे तर आम्हाला उतरता येत नाही. तुमच्या समोरच कुणी दौलतराव आहेत म्हणे. आमचे दुसरे व्याही, सूनबाईंचे वडील, जाऊन आले. असे तुपात बुडवलेले कणकेचे बाफले उभ्या माळव्यात नाहीत म्हणाले. तिथेच उतरतो."

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? माझा सासरा, माझ्या दारासमोर, धाकट्या पातीच्या ओट्यावर बसून बाफले चुरतोय आणि सगळी गल्ली ते बघतेय. वर अण्णांना काय वाटेल?

"बाफले चांगले असतील," मी म्हणालो, "पण तिथे ढेकूण फार आहेत म्हणतात."

या 'म्हणतात'कडे नीट लक्ष द्या. कोण म्हणतात? मीच, आणि तेही त्या क्षणी पहिल्यांदा.

"तुम्ही स्वतः पाहिलेत?" आबासाहेबांनी विचारलं. दरबारी माणूस, साक्ष घेतल्याशिवाय सोडेना.

"पाहिलेत की. गादी उचलली आणि बघतो तर..." असं म्हणून मी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

बद्रीभियाने कपबशी पुसता पुसता विचारलं, "बड़े हैं क्या भिया?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं. आता इतकं सांगितल्यावर लहान कसे दाखवणार? आबासाहेबांनी येणं पुढे ढकललं, मी पैज जिंकल्यासारखा पान खाऊन मोटारीत बसलो आणि सगळं विसरून गेलो.

पण धारच्या मोटारस्टँडवर बोललेली गोष्ट धारमध्ये राहते का? तिथून मोटारी सुटतात हो. माझे ढेकूण मोटारीत बसले. कुक्षीला पोचेपर्यंत ते छतावरून टपटप पडायला लागले. कन्नौदच्या बाजारात पोचले तेव्हा एका अडत्याला त्यांच्यामुळे ताप भरला होता आणि म्हणे त्याचा अजून उतरलेला नाही. आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं बरं का. हा सगळा हिशेब मी मागाहून जुळवला.

मला कळलं ते थेट नेमावरला. घाटावर एका नावाड्याने मी देवासचा आहे ऐकून मला बाजूला घेतलं. "भिया, देवास में वो बाजेवाले के यहाँ मत ठहरना," तो म्हणाला. "गादी में से साँप निकला. आदमी बाल-बाल बचा."

"कोण बाजेवाला?"

"दौलतराव करके कोई है."

मी हादरलो. अहो, साप, माझ्या दारासमोर! मी काम टाकून घरी आलो आणि पायरीवरूनच कुसुमला ओरडलो, "खिडकी लाव. समोर साप निघालाय."

"कोण म्हणालं?"

"नेमावरपर्यंत बातमी गेलीय. तुला इथे समोर बसून पत्ता नाही."

कुसुम शांतपणे तांदूळ निवडत होती. "समोर मी रोज बघते," ती म्हणाली. "साप काय, माणूसही निघत नाही तिथून. महिना होत आला, एक मुसाफिर फिरकला नाही."

स्वतःचंच पोर परगावी जाऊन दाढीमिशा वाढवून परत यावं आणि बापाने त्याला ओळखू नये, तशी माझी गत झाली होती. अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात होतो आणि दारात राधाकाकू. रस्ता ओलांडून आमच्या घरात त्या कधी आल्या नव्हत्या, जशी मी त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो. ठेंगणी बाई, पदर खोचलेला, नजर अशी की आपण चोरी केली नसली तरी आठवायला लागावं. त्या पाटावर टेकल्या.

"विनायकराव, तुम्ही गावोगाव फिरता. आमच्याबद्दल लोक काय बोलतात, खरं सांगा."

"मी? मला काय..."

"कुणीतरी ढेकणांची बात उठवली. धारहून आली म्हणतात. आमच्याकडे ढेकूण नाहीत हो. तरी मी सगळ्या बाजा अंगणात काढल्या, उकळतं पाणी ओतलं, उन्हात टाकल्या. तर जाणारे-येणारे बघून काय बोलले ठाऊक आहे? बोलले, बघा, म्हणजे खरंच होते."

पोहे माझ्या घशात अडकले. कुसुमने पाणी पुढे केलं, पण ते देताना तिने माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना, ते पाणीही अडकलं.

"नवरात्रात टेकडीवर देवीला गर्दी होते," काकू म्हणाल्या. "तेवढी एक वाट बघणार. तेव्हाही कुणी उतरलं नाही, तर घर दुसऱ्याला देऊन भावाकडे जाऊ. माझं चालेल. पण यांचं काय? हे सकाळी उठून बिगुल वाजवतात. राज्य गेलं तरी वाजवतात. परक्या घरी कोण वाजवू देईल? तुमच्या शब्दाला किंमत आहे. चार माणसांना खरं ते सांगा, बस."

त्या गेल्या. कुसुमने ताटातला एक तांदूळ उचलून बाजूला टाकला.

"ढेकूण तुम्ही पाहिले होते?"

"मी कशाला..."

"बात धारहून आली म्हणाल्या. या गल्लीतून धारला कोण जातं?"

मला लाज वाटली, सरळ सांगतो. पण लाज वाटली की माझ्यातला दुसरा गुण जागा होतो, तो म्हणजे हट्ट. मी जमिनीवर हात आपटला. "नवरात्राच्या आत मी ते घर भरून दाखवीन. ठरवलं म्हणजे ठरवलं."

"आधी एकदा आत जाऊन तरी बघा," कुसुम म्हणाली.

हे वाक्य मी ऐकलं असतं तर किस्सा इथेच संपला असता. पण मी दुपारच्याच मोटारीने धार गाठलं.

"आबासाहेब, दौलतरावांकडे आता नुसता कायापालट झालाय," मी बद्रीभियाच्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "गाद्या कापसाच्या, नव्याकोऱ्या. प्रत्येक खिडकीतून देवीची टेकडी दिसते. आणि नळाला गरम पाणी."

"नळाला?" आबासाहेबांनी विचारलं.

"दिवसभर," मी म्हणालो. निंदा करताना जीभ सैल सोडली होती, मग स्तुती करताना कंजूषपणा का करावा?

झालं. आबासाहेब देवासला आले. मी तेव्हा नेमका घरी होतो आणि माझ्या खिडकीतून मला सगळं दिसलं, टेकडी सोडून. पंचा गुंडाळून, खांद्यावर टॉवेल टाकून आबासाहेब पलीकडच्या अंगणात उभे. समोर राधाकाकू. मध्ये तांब्याचा बंब, खाली लाकडं धुमसतायत.

"गरम पाण्याचा नळ कुठे आहे?"

"नळ नाही. बंब आहे. थोडं थांबा, तापेल."

"जावई म्हणाले नळ आहे."

"कुणाचे जावई?"

मी खिडकी लावायला गेलो, पण त्याआधीच आबासाहेबांनी आमच्या घराकडे बोट केलं होतं. "विनायकराव. तेच म्हणाले नळाला गरम पाणी आहे. तेच म्हणाले होते ढेकूण आहेत. आता मी यातलं काय धरायचं?"

आबासाहेब अंघोळीवाचून तडक मोटारीत बसले. आणि धारला जाऊन त्यांनी काय सांगावं? 'आधी नुसते ढेकूण होते, आता फसवणूकही आहे.' झालं, उरलीसुरली अब्रूही गेली. आणि माझी? बद्रीभिया मला बघितल्याबरोबर म्हणाला, "क्यों भिया, काकी ने क्या खिला दिया आपको?" कन्नौदच्या शाळेत नकाशा उलगडला तर मास्तर म्हणाले, "हा दौलतरावांच्या नळासारखाच ना?" एकही नकाशा खपला नाही. मला वाटलं होतं, एका खोट्यावर उलटं खोटं ओतलं की फिटंफाट होईल. पण झालं असं की आता मी खरं बोललो तरी लोक तोंडाकडे बघायचे.

परत आलो तर राधाकाकू ओट्यावर उभ्या. माझीच वाट बघत असाव्यात. रस्त्याच्या त्या बाजूने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "विनायकराव, आमच्या घरात कधी आलात तुम्ही?"

"नाही."

"म्हणजे नावं ठेवलीत तीही बाहेरून, आणि वाखाणणी केलीत तीही बाहेरूनच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि दुसऱ्याच क्षणी तो हट्ट पुन्हा उसळला. तसाच घरात गेलो, ट्रंक भरली, वळकटी बांधली, लोटा घेतला आणि रस्ता ओलांडला.

"खोली आहे?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमचं घर समोर दिसतंय."

"घर आहे. खोली पाहिजे. इतरांना जो दर तोच मला."

काकूंनी कमरेला हात घातला. मग किल्ली काढली आणि जिना चढायला लागल्या.

आता गल्लीचं सांगतो. भर दिवसा एक संसारी माणूस ट्रंक घेऊन स्वतःच्या घरासमोर राहायला गेला, याचा अर्थ काय निघणार? बायकोने हाकलला. सगळ्यांनी तोच काढला. कुसुमला कुणी विचारलं तर ती नुसतं म्हणायची, "येतील मन भरलं की." हे असं उत्तर दिल्यावर कोण गप्प बसेल? समजूत घालायला लोक यायला लागले. थोरल्या पातीतले, ज्यांनी जन्मात ती पायरी चढली नव्हती, ते माझ्या बाजेवर बसून मला संसार शिकवायचे. बसले की चहा मागवायचे. चहा झाला की बाफल्यांचा वास यायचा. मग, आलोच आहोत तर जेवूनच जाऊ. मी काहीही न बोलता त्यांना बाज दिसत होती, गादी दिसत होती, कोपरे दिसत होते.

आणि मी? मी कंदील घेऊन कोपरान् कोपरा तपासला. तुम्हाला खरं सांगतो, एक जरी ढेकूण सापडला असता तर माझी थोडी इभ्रत वाचली असती. सुंभाच्या विणीत बोट घालून पाहिलं, भिंतीच्या भेगेत काडी घालून पाहिली. काही नाही. खोट होती ती वेगळीच. खोली लहान, दार फुगलेलं, खांदा लावल्याशिवाय उघडत नव्हतं. आणि दिवस उजाडता उजाडता समोरून रोज ऐकलेला तो बिगुल दौलतरावांनी थेट डोक्यावरच्या गच्चीवर फुंकला तेव्हा मी बाजेवरून खाली पडलो.

ही बातमी धारला न पोचती तरच नवल. 'लेकीने जावयाला घराबाहेर काढलं.' आबासाहेब धडपडत आले. लेकीच्या घरी राहता येईना, मला समोरून ओढून नेता येईना. जिन्यात उभे राहून म्हणाले, "जावईबापू, काय प्रकार आहे हा? आणि मी आता उतरू कुठे?"

"इथे," मी म्हणालो. "या वेळी पाहून सांगतो. खोली लहान आहे. दार नीट उघडत नाही. नळ नाही, बंब आहे, पाण्यासाठी थांबावं लागेल. पहाटे बिगुल वाजेल, त्याने दचकाल. ढेकूण नाहीत, मी इथे झोपलोय. बाफले तुमच्या व्याह्यांनी सांगितले त्याहून चांगले आहेत. ढेकूण मी माझ्या तोंडातून काढले होते, नळही."

आबासाहेब उरलेल्या पायऱ्या चढून वर आले. मग त्यांनी शेजारच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं. "दार खरंच फुगलंय," ते म्हणाले, आणि ट्रंक आत ठेवली.

सकाळी बिगुल वाजला आणि हा दरबारी माणूस दचकण्याऐवजी अंगणात ताठ उभा राहिला. दौलतराव खाली आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. कुणीतरी त्यांच्या बिगुलावर उभं राहिलं होतं.

पुढचं सरळ आहे. आबासाहेब धारला गेले आणि मोटारस्टँडवर त्यांनी खोट आणि गुण दोन्ही सांगितले. मीही कुक्षी, कन्नौद, नेमावर सगळीकडे तेच सांगत फिरलो, फुगलेल्या दारासकट. बद्रीभियाने मान डोलावली, "अब मानी भिया. अब तो बुराई भी बता रहे हो." दार फुगलेलं आहे म्हटल्यावर ढेकूण नाहीत हे लोकांना पटायला लागलं. नवरात्रात दौलतरावांकडे पाय ठेवायला जागा नव्हती. काकू ओट्यावरही बाजा टाकून बसल्या. त्या घर सोडून कुठेही गेल्या नाहीत. मी माझी ट्रंक घेऊन रस्ता ओलांडून घरी आलो, छाती फुगवून.

तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं होतं.

काही दिवसांनी कन्नौदला गेलो. नेहमीच्या ठिकाणी गेलो तर मालक म्हणाला, "कमरा नहीं है भिया."

"समोरची खोली रिकामी दिसतेय की."

"खाली तो है," तो अवघडून म्हणाला, "पर आपके लिए नहीं. देवासवाली काकी ने कहलवाया है. आदमी नेक है, दाम पूरा देता है, पर बंब का सारा पानी अकेला खतम करता है, बाफले गिनता नहीं, और खर्राटे ऐसे कि बगलवाला मुसाफिर बिस्तर उठाकर चल दे."

नेमावरलाही तेच. धर्मशाळेच्या उघड्या ओवरीत, नर्मदेचा गार वारा खात मी अंग टेकलं. घरी आलो तो संतापाने लाल होऊन.

"समोरच्या बाईने माझी बदनामी चालवलीय," मी कुसुमला म्हणालो.

"काय खोटं सांगितलं?"

"सांगितलं की मी सगळं पाणी संपवतो."

"संपवता."

"बाफले मोजत नाही म्हणे."

"कधी मोजलेत?"

"बरं, ते जाऊ दे. पण घोरण्याचं सांगायची काही गरज होती का?"

"त्या नव्हत्याच सांगत," कुसुम म्हणाली. "भिडेखातर तेवढं गाळत होत्या. मीच म्हटलं, काकू, अर्धं खरं सांगू नका, मागाहून निस्तरताना जीव जातो. आणि हो, आता धारला गेलात तर वळकटी सोबत न्या. शेजारच्या खोलीत माझे बाबा होते. त्यांनी मोटारस्टँडवर सांगितलंय."